नदीपलीकडच्या चुलींची बखर

अरे वसंता, आधी ऐक. मधे बोलू नको, हसायचं असेल तर शेवटी हस, पण आत्ता नुसतं ऐक!

श्री केशवराज प्रसन्न. दोन्ही तीरांना पाणी पाजणाऱ्या नदीला नमस्कार, तेच पाणी पिऊन भांडणाऱ्यांना नमस्कार, आणि घडलं तसं सांगायची बुद्धी जो देतो त्याला सर्वांत शेवटी पण सर्वांत मोठा नमस्कार. शके सोळाशे सत्तर, विभव नाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी एक राज्य होतं. नाव विचारू नको, मला सांगायचं नाही. राज्याच्या पूर्वेला नदी, आणि नदीपलीकडे दुसरं राज्य, आणि दोघांचं हाडवैर. वैर कशावरून, तर ज्यांना कारण ठाऊक होतं ते सगळे वारले, आणि वैर तेवढं मागे राहिलं. नदीच्या मधोमध बेट, बेटावर केशवराजाचं देऊळ, आणि देव दोघांचाही एकच. म्हणून देवळाला दोन दारं ठेवलेली. आपण पश्चिमेच्या दारानं आत जायचं आणि पूर्वेच्या दारातून कोण येतं तिकडे बघायचंच नाही, अशी रीत. आणि केशवराजाची दुसरी रीत म्हणजे एकादशीला त्याच्या माणसांनी चूल पेटवायची नाही. दूध घ्या, केळी खा, खजूर खा, पण विस्तव नाही. राजापासून भोयापर्यंत सगळे पाळत, आणि महाराज तर इतकं पाळत की एकादशीला हुक्कासुद्धा बंद.

तर या महाराजांच्या पदरी हैबतराव नावाचे नजरबाज होते. नजरबाज म्हणजे हेरखात्याचे मुख्य. पल्लेदार मिशा, खणखणीत आवाज, आणि शत्रूचं बळ किती हे सदरेवर सांगायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराण्याकडे. पूर्वी हे खातं पलीकडे माणसं धाडत असे. पण एकदा एक हेर गेला तो तिकडेच सोयरीक जमवून राहिला, आणि वर लग्नाचं बोलावणंही पाठवलं, तेव्हापासून माणूस धाडणं बंद झालं. मग ठरलं की काठावरच्या गरुडटेकडीवर चढायचं आणि वरून पाहायचं. आता पलीकडची छावणी दाट झाडीत, वरून माणूस दिसत नाही, घोडा दिसत नाही, दिसतो तो फक्त झाडीवर चढणारा धूर. म्हणून खात्यानं शास्त्रच बसवलं. धूर म्हणजे चूल, चूल म्हणजे पोट, आणि पोट म्हणजे शिपाई. जितका धूर तितकी फौज! शास्त्र ऐकायला झकास होतं, आणि सदरेवर माना डोलल्या, आणि हैबतरावांना शालजोडी मिळाली.

मग पहिल्या वर्षी हैबतरावांनी खबर आणली की महाराज, शत्रू संपत आला, त्यांचे घोडे घरांवरचं गवत उपसून खातात. दुसऱ्या वर्षी खबर आली की आता शिपाईच घोडे खातात. तिसऱ्या वर्षी, खायला घोडे उरले नाहीत, पट्ट्यांचं कातडं उकळून पितात. आणि त्याच तिसऱ्या वर्षी पलीकडचे लोक भरदिवसा नदी उतरून आले आणि आपल्या कुरणातली गुरं हाकून घेऊन गेले. महाराज म्हणाले, "हैबतराव, हे कसं?" हैबतराव म्हणाले, "शेवटचा श्वास, महाराज. मरताना माणूस हातपाय झाडतो." मग चौथ्या वर्षी पलीकडच्यांनी नाक्यावरची चौकी जाळली, तोही शेवटचा श्वास. आणि पाचव्या वर्षी आपला हत्ती पळवला, आणि तोही शेवटचा श्वास! सदरेवरच्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही की हा माणूस मरतोय तरी किती वर्षं. आणि विचारणार तरी कसं? खबर ऐकली की महाराजांचा चेहरा फुलायचा, महाराजांचा चेहरा फुलला की विडे वाटले जायचे, आणि तोंडात विडा असताना शंका कोण काढतो!

बरं, हैबतरावांचे जावई म्हणजे सरदार सुभानजी. वय पंचविशीतलं, पागेचा मुख्य, बोलायला कमी आणि पोहायला पट्टीचा. त्याची बायको आवडाई ही हैबतरावांची लाडकी लेक, आणि आवडाईचा धाकटा भाऊ सयाजी सुभानजीच्याच पागेत स्वार. तर त्या वैशाखात, वद्य एकादशीच्या दिवशी, हैबतराव सकाळी टेकडी चढून आले आणि तिसऱ्या प्रहरी सदर भरली आणि ते उभे राहून म्हणाले, "महाराज, आनंदाची गोष्ट. आज पलीकडे धुराची एक रेघ नाही. चूलच पेटलेली नाही. शत्रू आता उरलाच नाही म्हणायचा. जे कोणी असतील ते निजून असतील." महाराज आसनावरून अर्धे उठले. म्हणाले, "मग वाट कशाची बघायची? पाऊस पडला की नदी चढेल. परवा त्रयोदशीला, सूर्य उगवताच, सुभानजीची पाग पाण्यात उतरेल, आणि मागून सगळी फौज." आणि सगळे वाहवा वाहवा करू लागले, आणि सुभानजी तेवढा गप्प. कारण त्याला नदीचा उतार ठाऊक. मधल्या धारेत घोडा छातीभर पाण्यात असतो, तिथे ना पळता येतं ना लढता येतं, आणि पलीकडच्या झाडीत जर कोणी जागं असलं तर पाण्यातला माणूस म्हणजे टोपलीतली कोंबडी. तो म्हणाला, "महाराज, एकदा खात्री करून..." आणि तेवढ्यात मानकोजी नावाचे म्हातारे सरदार, ज्यांनी वीस वर्षांत तलवार फक्त दसऱ्याला काढली, ते मोठ्यानं म्हणाले, "सुभानजी, हत्यार जड होत असेल तर हलकं काही पाठवून देऊ का घरी? हिरवंगार? मनगटात घालायचं?" सदर खदाखदा हसली. हैबतरावांची मान खाली गेली, जावयामुळे. सुभानजी मुजरा करून निघाला.

घरी आला तर ऊन कलतीला लागलेलं, आणि आवडाईनं पुढ्यात दूध आणि केळी ठेवली. तो आपल्याच तंद्रीत म्हणाला, "जेवायला?" ती म्हणाली, "अहो, एकादशी आहे आज. लढाईच्या नादात देव विसरलात की काय?" त्यानं केळं हातात घेतलं आणि तसाच अंगणात गेला, आणि त्यानं वर पाहिलं. अरे, आख्ख्या राजधानीवर आभाळ स्वच्छ! एका घरावर धूर नाही, एका गल्लीत धूर नाही, राजवाड्याच्या मुदपाकखान्यावरसुद्धा नाही. तो तिथूनच म्हणाला, "आवडाई, आज कोणी लांबून आपल्या गावाकडे पाहिलं तर काय म्हणेल?" ती म्हणाली, "म्हणेल, गाव उपाशी आहे. खोटं काय त्यात? मी सकाळपासून उपाशीच आहे." तो म्हणाला, "तुमचे आबा टेकडीवर कधी जातात?" ती म्हणाली, "आजच गेले होते की. दर वेळी एकादशीलाच जातात. भरल्या पोटी त्यांना चढण सोसत नाही, आणि वर केशवराजाच्या पादुका आहेत, म्हणून पुण्यही पदरात पडतं. आणि बरोबरच्या कारकुनांची शिदोरीही न्यावी लागत नाही." आणि हे ऐकून सुभानजी मटकन ओट्यावरच बसला. आवडाई धावत आली, "अहो, काय झालं? चक्कर आली का? दूध घ्या आधी." तो म्हणाला, "पूर्वेच्या दारातून कोण येतं?" आणि तिच्या लक्षात आलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. कारण शत्रू म्हणजे शत्रू, तो दुष्ट, तो कपटी, तो गुरं पळवणारा. पण तोही आपल्यासारखीच एकादशी करतो, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

मग सुभानजी केळं खाली ठेवून उठला आणि म्हणाला, "आत्ता सदरेवर जाऊन सांगतो." आवडाई म्हणाली, "सांगा. आणि आबांचं काय? त्यांच्या आधी त्यांचे चुलते नजरबाज होते, त्यांची खबर चुकली तर त्यांची पगडी भर बाजारात काढून घेतली होती. आबा ते सोसणार नाहीत." तो म्हणाला, "आणि न सांगता पाण्यात उतरलो तर? पहिल्या रांगेत सयाजी आहे." ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. पाठीवर बसवून फिरवलाय मी त्याला." आणि तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही, ती हैबतरावांचीच लेक. ती म्हणाली, "आबांना कोणी चुकलं म्हटलं की ते हट्टानं आणखी चुकतात. लहानपणापासून बघतेय मी. त्यांना सांगू नका. त्यांना दाखवा. आणि महाराजांनाही दाखवा. उद्या द्वादशी आहे, उपास सोडायचा आहेच ना सगळ्यांना? मग तो टेकडीवर सोडा."

झालं! सुभानजी तडक राजवाड्यात गेला आणि मुजरा करून म्हणाला, "महाराज, एक मागणं आहे. स्वारीवर जाण्याआधी हुजुरांनी गरुडटेकडीवर, शत्रूच्या मुलखाकडे तोंड करून, पारणं फेडावं. पादुकांचा आशीर्वाद मिळेल आणि माझ्या स्वारांना हुरूप येईल." महाराजांना कल्पना भलतीच आवडली. ते म्हणाले, "शत्रू उपाशी मरतोय आणि आम्ही त्याच्यासमोर जेवतोय, वा!" आणि लगेच मुदपाकखान्याला हुकूम गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज पालखीत, मानकोजी डोलीत, हैबतराव पायी आणि सुभानजी त्यांच्या मागे, असे सगळे टेकडी चढले, आणि भोई बिचारे केशवराजाचं नाव घेत घेत वर आले. आणि वर पोहोचून पाहतात तो काय! पलीकडची सगळी झाडी धुरात बुडालेली! या टोकापासून त्या टोकापर्यंत धूर, रेघा नाहीत, लोटच्या लोट. आणि वारा पूर्वेचा, म्हणून धुरामागून वास आला, फोडणीचा, आणि मग कढलेल्या तुपाचा. आणि इतकी सुरेख पुरणपोळी भाजल्याचा खमंग वास आला की पालखीचे भोईसुद्धा नाक वर करून उभे राहिले. पानं वाढली गेली होती, पण महाराजांनी उचललेला घास हातातच धरला. म्हणाले, "हैबतराव, हे काय?" हैबतरावांचा चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज तोच खणखणीत. म्हणाले, "महाराज, रात्रीतून रसद आली." महाराज म्हणाले, "एवढी?" हैबतराव म्हणाले, "एवढी." मानकोजी म्हणाले, "तुपासकट?" हैबतराव म्हणाले, "तुपासकट." आणि वसंता, माणसाचं मन कसं असतं बघ, महाराजांना ते पटलं! कारण त्यांना पटवून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "मग ती रसद त्यांच्या अंगी लागायच्या आत उद्याच उतरलं पाहिजे."

सुभानजीनं तेव्हा हैबतरावांना हळूच पादुकांच्या चौथऱ्यामागे नेलं. म्हणाला, "मामासाहेब, मला सदरेवर एक शब्द बोलायचा नाही. फक्त एक विचारतो. सयाजी पहिल्या रांगेत आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?" हैबतराव म्हणाले, "जावईबापू, तो पोरगा मी तुमच्या हाती दिला होता. त्याला मागे ठेवा म्हणून बजावलं होतं." सुभानजी म्हणाला, "मी मागेच ठेवला होता. तो आपणहून पुढे आला. मी रागावलो, तर म्हणाला, भिण्यासारखं काय आहे, आबांची खबर आहे, म्हणजे पलीकडे कोणीच नाही." आणि हैबतराव धुराकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांची मान खाली आली, आणि मग ते चालत महाराजांसमोर गेले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पगडी काढून महाराजांच्या पायाशी ठेवली. म्हणाले, "महाराज, रसद आली नाही. एकादशी गेली." मानकोजी म्हणाले, "म्हणजे?" हैबतराव म्हणाले, "म्हणजे मी दर वेळी एकादशीलाच इथे येत होतो. मला चढण सोसत नाही म्हणून. आणि पलीकडचेही केशवराजाचेच, म्हणून त्यांच्या चुली बंद. मी एका धडधाकट फौजेला इतकी वर्षं मेलेली समजत आलो. उद्या पाण्यात माझा मुलगा आहे, महाराज. आज हे बोललो नाही तर मला बाप म्हणायला कोणी उरणार नाही."

महाराजांनी हातातला घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला, आणि पलीकडे पाहत म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही या खबरांवर विडे खाल्ले, हैबतराव. चढण आम्हालाही सोसत नव्हती, म्हणून कधी वर आलो नाही. पगडी डोक्यावर ठेवा, ऊन लागेल. द्वादशीला कोणावर रागावू नये. बसा, जेवा." आणि स्वारी रद्द झाली! आणि मानकोजींनी हळूच विचारलं, "मग मी स्वारीसाठी नवा अंगरखा शिवला त्याचं काय?" आणि महाराज म्हणाले, "दसऱ्याला घाला." आणि सगळे हसले, आणि हैबतराव पानावर बसले. आणि म्हणतात, त्यांनी त्या दिवशी इतकं खाल्लं की टेकडी उतरताना जावयाला त्यांचा हात धरावा लागला.

पण थांब, उठू नको, खरी गंमत पुढेच आहे. मग पाऊस झाला, नदी चढली, नदी उतरली, आणि भाद्रपद सरला आणि दसरा आला. दसऱ्याला सीमोल्लंघन, म्हणजे यंदा नदी ओलांडायची की नाही याचा निकाल त्या दिवशी. आणि मानकोजींपासून सगळे पुन्हा चेकाळलेले, म्हणायला लागले की वैशाखात चुकलं ते चुकलं, आता तरी उतरू. सदर भरली. मानकोजी नव्या अंगरख्यात. हैबतराव उभे राहिले. मिशा तशाच, पण आवाज जरा खाली आलेला. म्हणाले, "महाराज, या खेपेस मी एकादशी टाळली. चूल हमखास पेटते अशा दिवशी टेकडीवर गेलो. आणि काय सांगू! धूरच धूर. घराघरावर, खोपटा-खोपटावर, जिथे वस्ती नाही असं वाटलं होतं तिथेही धूर. एवढी फौज मी उभ्या जन्मात पाहिली नाही. नदी ओलांडणं म्हणजे मरण. आणि तेही आपल्या काठावर येतील असं दिसत नाही, म्हणून उगीच डिवचू नये." सदर गारठली. मानकोजी अंगरखा सावरत खाली बसले. आणि सुभानजीनं मनातल्या मनात दिवस मोजला, आणि त्याच्या लगेच लक्षात आलं की मामासाहेब सर्वपित्रीला वर गेले होते! सर्वपित्री अमावास्या, रे! ज्या दिवशी प्रत्येक घरात, एकट्या म्हातारीच्या खोपटातसुद्धा, मेलेल्यांसाठी खीर-वडे रांधतात! ज्या घरात जेवणारं कोणी उरलं नाही तिथेही चूल पेटते. त्या दिवशी सुभानजीच्या स्वतःच्या घरी इतका धूर झाला होता की आवडाई डोळे पुसत पुसत वडे तळत होती. म्हणजे आधी जिवंत माणसं मेलेली धरली होती, आणि या खेपेस हैबतरावांनी मेलेले पूर्वज फौजेत भरती केले!

महाराजांनी सदरेवरून एकदा नजर फिरवली आणि ती सुभानजीवर येऊन थांबली. म्हणाले, "सुभानजी, वैशाखात तुम्हाला खात्री करून घ्यायची होती. आज मामासाहेबांना काही विचारायचं आहे?" सगळे त्याच्याकडे बघू लागले. अरे, एक प्रश्न! कोणता दिवस, एवढंच विचारायचं होतं. आणि विचारलं असतं तर पुन्हा खबर खोटी, पुन्हा पगडी खाली, आणि संध्याकाळच्या आत पाग नदीवर. सुभानजीनं हैबतरावांकडे पाहिलं. ते जावयाकडे बघत नव्हते, ते दाराकडे बघत होते, आणि दाराशी भाला घेऊन सयाजी उभा होता, नुकती मिसरूड फुटलेला, पगडीत दसऱ्याचे तुरे खोवलेला. सुभानजी म्हणाला, "नाही, महाराज. मामासाहेबांनी नीट पाहिलं आहे." आणि महाराज मिशीतल्या मिशीत हसले. त्यांनी पंचांगाचा जोशी शेजारीच बसलेला असून त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही, आणि विडा उचलून तोंडात घातला. म्हणाले, "मग सीमोल्लंघन शमीच्या झाडापर्यंत." आणि सगळे वाजतगाजत वेशीबाहेरच्या शमीपर्यंत गेले, सोनं लुटलं, एकमेकांना भेटले, आणि भूक लागली म्हणून घरी परतले.

तात्पर्य, शत्रूचं बळ दोनदा मोजलं गेलं, आणि दोन्ही वेळा चुकलं. पहिली चूक सुभानजीनं उघडी पाडली आणि दुसरी पोटात घातली. त्या वर्षी नदी कोणीच ओलांडली नाही, पलीकडच्यांनीही नाही. त्यांच्याही काठाला टेकडी आहे म्हणतात, पण तिथून आपल्याकडे कोण बघतं आणि कोणत्या दिवशी बघतं, हे ठाऊक नाही. पुढच्या एकादशीला सयाजी बहिणीकडे आला, हैबतरावही आले, आणि चौघं ओट्यावर बसून केळी खात होती, आणि दोन्ही तीरांवरचं आभाळ स्वच्छ होतं. ऐसी ही हकिकत, ऐकली तशी सांगितली. आता हस हवं तितकं. पण वसंता, खरं सांग, भर सदरेवर महाराज विचारताहेत, दाराशी बायकोचा भाऊ उभा आहे, आणि तुला दिवस ठाऊक आहे. तू काय केलं असतंस?